महत्त्वाचे की अर्थसूचक?

काही वर्षांपूर्वी आम्ही एका आरोग्यविषयक मासिकासाठी इंग्रजी लेखाचा अनुवाद केला होता. सांधेदुखीवरील एका गोळीने वेदनेत ‘सिग्निफिकंट’ घट होते, असे त्यात म्हटले होते. आम्ही निःशंकपणे ‘महत्त्वाची घट’ असे लिहून मोकळे झालो. अंक आमच्या मावशीच्या हाती पडला. तिने पेन्शनमधून पैसे काढून ती महागडी गोळी सहा महिने घेतली. गुडघे होते तसेच राहिले. पुढे एका डॉक्टर मित्राने मूळ लेख चाळून सांगितले की घट खरी होती, पण रुग्णाला जाणवावी इतकी नव्हती. मावशी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अरे, महत्त्वाचं म्हणजे मोठंच ना?”

त्या प्रश्नाने आम्हांला कोशाकडे धाडले. ‘सिग्निफिकंट’ हे विशेषण लॅटिनमधील ‘सिग्नम’ म्हणजे चिन्ह आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे यांपासून आले. सोळाव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ ‘काहीतरी सुचवणारे’ असा होता. ‘महत्त्वाचे’ हा अर्थ त्याला अठराव्या शतकात चिकटला. एजवर्थ यांनी 1885 मध्ये आणि रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या आपल्या ग्रंथात तो संख्याशास्त्रात वापरला तो जुन्या अर्थाच्या जवळ राहून: हा फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, असे तो सुचवतो. फरक केवढा, याबद्दल तो काहीच बोलत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 मध्ये हीच गोष्ट निवेदन काढून सांगावी लागली. म्हणजे फसगत केवळ आमची नव्हती. इंग्रजी वाचणारेही याच शब्दापाशी अडखळत होते.

मराठीत तर दोन वाटा उघड्या होत्या. ‘महत्त्व’ हे ‘महत्’पासून आलेले, म्हणजे मोठेपणाचे माप. ‘लक्षणीय’च्या पोटात ‘लक्षण’ आहे, म्हणजे खूण. परंतु वर्तमानपत्रांतील ‘लक्षणीय वाढ’ने त्या शब्दालाही आकारमानाचे वजन लावून टाकले आहे. खूण सांगणारा शब्द मोठेपणाकडे घसरतो, हा दोन्ही भाषांचा स्वभाव दिसतो.

साहित्याच्या वर्गात ही घसरण अधिक सुखाने चालते. क्लाइव्ह बेल यांनी 1914 मध्ये ‘आर्ट’ या ग्रंथात ‘सिग्निफिकंट फॉर्म’ ही संकल्पना मांडली. तिचे भाषांतर ‘महत्त्वाचा आकार’ असे कुणी केले, तर विद्यार्थीही हसतील. तिथे ‘अर्थपूर्ण’ हाच शब्द सुचतो. कशाचा अर्थ, या प्रश्नावर बेल स्वतः अडचणीत येतात. सौंदर्यभावना जागवतो तो असा आकार, आणि असा आकार जागवतो ती सौंदर्यभावना, असे ते वर्तुळ आहे, हा आक्षेप प्रसिद्धच आहे. तरी तो प्रश्न निदान विचारला जातो. ‘महत्त्वाचा कवी’ असे आपण लिहितो तेव्हा तो विचारलाही जात नाही. कवी कशाची खूण आहे, कोणत्या बदलाची, कोणत्या अस्वस्थतेची, हे न सांगता आपण त्याला फक्त उंच पाटावर बसवतो.

आम्हीही अनेक उत्तरपत्रिकांवर ‘महत्त्वाचा मुद्दा’ असा शेरा मारून पुढच्या पानाकडे वळलो आहोत. विद्यार्थी खूश, आम्हीही मोकळे. आता तो शब्द लिहिताना पेन थबकते. मुद्दा मोठा असेल तर किती, आणि खूण असेल तर कशाची, हे एका ओळीत लिहिता आले नाही, तर शेरा खोडतो.

मावशीच्या कपाटात त्या गोळ्यांची अर्धी बाटली अजून आहे. तिने ती टाकलेली नाही, आणि आम्हीही टाक म्हणून सांगितलेले नाही.