चौथा पाय

बंड्याच्या मागच्या डाव्या पायात काही बिनसले आहे, ही गोष्ट आमच्या घरात प्रथम कोणाच्या ध्यानात आली याविषयी अद्याप एकवाक्यता झालेली नाही. सौभाग्यवतींच्या मते तो श्रावणातल्या एका संध्याकाळी ओसरीच्या ओल्या शहाबादी फरशीवरून मांजरामागे धावताना घसरला आणि एकदाच केकाटला. नातवाच्या मते कोणी तरी त्याला दगड मारला. आणि ३२ वर्षे मामलेदार कचेरीत दप्तरे लावून ज्याला तारीखवार न मांडलेली हकीकत ही हकीकतच वाटेनाशी झाली आहे, असा मी या बाबतीत एकही नोंद पुढे करू शकलो नाही. दगडाचा संशय मात्र माझ्याही मनात काही दिवस ठाण मांडून बसला होता. महाभारताच्या आदिपर्वात अगदी आरंभीच एका कुत्र्याची फिर्याद आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. सरमेचे पिल्लू जनमेजयाच्या सत्राजवळ आले, हविर्द्रव्याकडे त्याने पाहिले नाही, ते चाटले तर नाहीच, तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. ते रडत आईकडे गेले आणि त्या माउलीने भर सत्रात येऊन राजाला जाब विचारला. बंड्याच्या वतीने आळीत असा जाब विचारण्यास मीही सिद्ध होतो; परंतु आरोपी हाती लागला नाही, आणि यथावकाश तपासाअंती असे निष्पन्न झाले की आरोपी आमचीच फरशी होती.

पहिले तीन आठवडे घरगुती उपचारांत गेले. शेजारच्या काकूंनी मुका मार म्हणून आंबेहळद उगाळून दिली, ती बंड्याने लेप वाळण्यापूर्वीच चाटून साफ केली. वैद्यकी करणाऱ्या एका गृहस्थांनी पाच दिवसांचे वेदनाशामक औषध दिले, त्याने पाय इतका सुखावला की सहाव्या दिवशी बंड्या परसाच्या गडग्यावरून उडी मारून मोकळा झाला आणि सातव्या दिवशी पूर्वीहून अधिक लंगडू लागला. वेदना ही शरीराची चौकीदारीण आहे, तिला झोपवून दरवाजा उघडा टाकला तर चोराला दोष देण्यात अर्थ नाही, ही साधी गोष्ट त्या वेळी आम्हां कोणाच्याच डोक्यात आली नाही. काकूंनी तर आपल्या गुडघेदुखीच्या गोळीतील अर्धी देऊ केली होती. ती आम्ही दिली नाही हे केवढे सुदैव! माणसाच्या सांधेदुखीवरच्या कित्येक गोळ्या कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करतात, हे मला पुढे कळले.

अखेर तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नुकतेच बदलून आलेल्या एका तरुण डॉक्टरांकडे त्याला नेले. या गृहस्थांनी प्रथम कुत्र्याला हातच लावला नाही. “काका, याला जरा आवारात चालवून आणा,” एवढेच म्हणून ते उकिडवे बसले आणि एखादा मोजणीदार शिवेकडे पाहतो तसे त्याच्या चालीकडे पाहत राहिले. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला लागताना कुत्रा डोके वर उचलतो, बरा पाय टेकताना खाली झुकवतो. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचे कंबरेचे हाड वर उसळते. आणि गुडघा बिघडला असेल तर तो चौरस न बसता दुखरा पाय बाजूला पसरतो. हे ते बोलत असतानाच बंड्या बसला, आणि लोडाला टेकलेल्या जुन्या इनामदाराने सोडावा तसा त्याने डावा पाय ऐटीत बाहेर सोडला. गेले पाच आठवडे तो असाच बसत होता आणि आम्ही ती त्याची चैन समजत होतो.

गुडघा कोठे असतो, हेही मला त्याच दिवशी कळले. कुत्र्याच्या मागच्या पायाचा मागे वळलेला जो सांधा आपण गुडघा समजतो, ती वास्तविक त्याची टाच. हा प्राणी जन्मभर चवड्यांवर चालतो, आणि त्याचा खरा गुडघा वर, पोटाच्या जवळ, केसांत झाकलेला असतो. डॉक्टरांनी मांडीचे हाड एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलली, तेव्हा ती मेजाच्या सैल झालेल्या खणासारखी केसभर पुढे सरकली. आतला अस्थिबंध अर्धवट तुटला होता. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे उमटतात, अस्थिबंध उमटत नाहीत. तो पुरावा बोटांनीच वाचावा लागतो. दोन्ही मांड्यांभोवती त्यांनी शिंप्याची फीत फिरवली. डावी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटरने आटली होती.

“मोठ्या अंगाचा असता तर शस्त्रक्रियेसाठी पुण्याला धाडलं असतं,” ते म्हणाले, “पण हा १४ किलोचा. त्यातले दोन तुमच्या लाडाचे आहेत, ते उतरवा. आणि आठ आठवडे पळणं नाही, उडी नाही, जिना नाही.”

हुकूम झाला आणि बंड्याची नजरकैद सुरू झाली. ओसरीच्या खांबाला आखूड साखळी, फरशीवर गोणपाटे आणि दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटांची रपेट, अशी तजवीज झाली. कैद्याने पहिल्या आठवड्यात जो आक्रोश मांडला त्याने आळीतील सहानुभूती सर्वस्वी त्याच्याकडे गेली व मी निष्ठुर ठरलो. नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा सौभाग्यवतींनी मला त्या काळात निदान चार वेळा ऐकवली. आणि मी, त्याच विठ्ठलाची वारी केलेला मनुष्य, तुपाची वाटी फडताळात ठेवून किल्ली जानव्याला बांधून हिंडत होतो.

परंतु खरी परीक्षा रपेटीची होती, आणि ती बंड्याची नसून माझी होती. मला झपाट्याने चालण्याची खोड. त्या गतीने निघालो की बंड्या डावा पाय पोटाशी घेई आणि तीन पायांवर असा सहज, असा तालात दुडदुडे की पाहणाऱ्यास वाटावे, याला चौथ्याची गरजच काय! कुत्र्याचा निम्म्याहून अधिक भार मुळातच पुढच्या दोन पायांवर असतो. उरलेला एका पायावर तोलणे त्याला फार जड जात नाही. दुखणे कमी झाल्यावरही हा परिपाठ सुटत नाही, आणि वापरात नसलेली मांडी दिवसेंदिवस आटत जाते. यावर डॉक्टरांनी सांगितलेला उपाय ऐकून मला हसू आले होते: हळू चाला. इतके हळू, की तीन पायांवर तोल धरणे त्याला कठीण होऊन चौथा आपोआप खाली यावा.

इतके हळू चालणे किती अवघड आहे हे ज्याने करून पाहिले नाही त्याला सांगून समजणार नाही. पाऊल उचलावे, थांबावे, बंड्याकडे पाहावे, मग दुसरे. गणपती आळीपासून कृष्णेच्या घाटापर्यंतचा जो रस्ता मी आयुष्यभर चार मिनिटांत उरकला, त्याच्या निम्म्यावरूनच आम्ही परतत असू, आणि त्या निम्म्यात मला कोणाच्या भिंतीवर पिंपळ रुजला आहे, कोणत्या वाड्याची दिंडी कडीऐवजी सुतळीने बांधलेली आहे, हे सारे प्रथमच दिसले. घरी आल्यावर जुन्या सवयीने रोजनामा लिही. “भाद्रपद वद्य ५, सकाळ. दहा पावलांपैकी तीन टेकली.” पुढे “पाच”, मध्येच एके दिवशी टपालवाल्यावर झेप घेतल्यामुळे पुन्हा “दोन”, आणि आश्विनात घटस्थापनेच्या दिवशी “नऊ”. सरकारी दप्तरात मी आकडे पुष्कळ लिहिले, पण दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहण्यासाठी पहाटे जाग यावी असे त्यांत काही नव्हते.

कार्तिकात नदी निवळली. डॉक्टरांनी दहाव्या आठवड्यानंतर पोहण्याची परवानगी दिली होती. पाण्यात अंगाचा भार पाणी उचलते आणि पाय मात्र न टेकता चालतात, म्हणून. ढोल्या गणपतीच्या घाटापासून थोडे खाली, जिथे धार संथ होते आणि धुणी नसतात, तिथे मी लांब दोर धरून काठावर बसलो व बंड्या गळाभर पाण्यात चारी पाय मारीत फिरला. बाहेर येऊन तो काठाच्या ओल्या गाळावरून चालत गेला आणि मागे ठसे उमटले. भाद्रपदात रस्त्यातल्या चिखलात डाव्या पायाचे उमटत ते दोन नखांचे ओरखडे. आज चार बोटे आणि त्यांमागची गादी, सारे स्वच्छ उठले होते. रोजनामा घरी राहिला होता. मी वाकून छत्रीच्या टोकाने खोली मोजू लागलो. डावा उजव्यापेक्षा किंचित उथळ, पुढचा जवळजवळ बरोबरीचा, त्यापुढचा... एवढ्यात बंड्याने माझ्या धोतरावर अंग झाडले, आणि त्याच ठशांवरून तो परत फिरला, त्यामुळे मोजणी तिथेच तहकूब करावी लागली.