तसबिरीनंतरचा होकार

गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे नाटक लिहिलं. पदांची जोड मिळून १९१६ मध्ये तेच ‘संशयकल्लोळ’ झालं. त्याचं मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे, पण रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात संगीत नाट्य स्पर्धेचा प्रयोग बघायला बसलेल्या माणसाला हे परक्या घरचं वाटत नाही. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते बघते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, कृत्तिका ती उचलते आणि तिच्या हातात परक्या पुरुषाचं चित्र बघून फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. मौज अशी की या सगळ्यात कोणीही खोटं बोललेलं नसतं. तसबीर खरी, माणूस खरा, भोवळही खरी. खोटी असते ती फक्त बघणाऱ्याने मनात रचलेली गोष्ट. मोबाइलवर एखादा चेहरा आवडला म्हणून बोट उजवीकडे सरकवणारी मुलगी किंवा मुलगा नेमकं हेच करतो. एक फोटो, दोन ओळींची माहिती, आणि उरलेला अख्खा माणूस आपल्या पदरचा. तेव्हा ऑनलाइन ओळखीतून जमलेलं प्रेम चुकीच्या समजुतीवर सुरू झालं, असं कुणी नाक मुरडून सांगितलं तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. प्रेमाची सुरुवात बहुतेक वेळा तशीच होते. माझं म्हणणं एवढंच की अशा प्रेमाची पारख सुरुवातीच्या चुकीवरून करू नये. ती चूक कोणी उघड केली, कधी केली, आणि उघड झाल्यावर समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती का, यावरून करावी.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये आहे. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळींनी त्याचा पहिला प्रयोग केला आणि बालगंधर्व भामिनी झाले. श्रीमंत घरची भामिनी गरीब, शूर धैर्यधराला न पाहताच तुच्छ ठरवते. पुढे तीच साध्या कपड्यांतली वनमाला होऊन त्याच्यासमोर येते, आणि ज्या मुलीने आपला अपमान केला तीच ही, हे ठाऊक नसलेला धैर्यधर वनमालेवर जीव लावतो. आता प्रश्न असा की त्याने प्रेम केलं कोणावर? वनमाला नावाची बाई अस्तित्वातच नव्हती, म्हणून ते प्रेम पोकळ होतं, असं म्हणता येईल. पण वनमालेची बोलण्याची ढब, हजरजबाबीपणा, समोरच्याचं मन ओळखायची तऱ्हा, हे काही भामिनीने कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं. खोटं होतं ते नाव आणि गरिबी. म्हणजे वेष उतरल्यावर काही गळून पडलं आणि काही शिल्लक राहिलं. चुकीच्या ओळखीतून सुरू झालेल्या प्रत्येक नात्याला हाच हिशेब करावा लागतो. गळून पडलं ते किती, आणि शिल्लक राहिलं ते दोघांना पुरेसं आहे का? इथे आणखी एक बाब नजरेआड होऊ नये. भामिनीची चूक धैर्यधराच्या आधीची आहे. तिनेही त्याला ऐकीव माहितीवरच नाकारलं होतं. चुकीच्या समजुतीने होकार देणाऱ्याची आपण चेष्टा करतो. चुकीच्या समजुतीने दिलेल्या नकाराचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. पगाराच्या रकान्यावरून बाजूला ठेवलेल्या स्थळांत किती धैर्यधर होते, हे कुणालाच कळत नाही.

जुन्या पद्धतीत असला घोटाळा होत नव्हता, हा पहिला आक्षेप. कोकणात तो ठामपणे घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. इथे आडनाव सांगितलं की गाव कळतं, गाव कळलं की वाडी, आणि वाडी कळली की दोन दिवसांत भावकीतल्या कुणाकडून तरी सगळी कुंडली हातात येते. लांजा-राजापूरकडचं स्थळ आलं की त्या बाजूला दिलेली आत्या किंवा मावशी कामाला लागते. मुलगा मुंबईला आहे म्हणतात, तर खोली स्वतःची की मामाची, नोकरी कायम की कंत्राटी, हे गणपतीला घरी आलेल्या दुसऱ्या चाकरमान्याला विचारून ठरतं. ही खातरजमा कुठल्याही ॲपच्या निळ्या खुणेपेक्षा पक्की होती. पण ती कशाची होती? घराची, जमिनीची, कुळाची. त्या माणसाला राग कसा येतो, बायकोचं ऐकून घ्यायची सवय आहे का, एकटा असताना तो कसा असतो, हे चौकशीच्या यादीत नसायचंच. आणि मधला माणूसच विकला गेला तर? देवलांचंच १८९९ सालचं ‘शारदा’ त्यावर उभं आहे. पैशाला लोभावलेला बाप, लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि नातीच्या वयाची बायको करायला निघालेला भुजंगनाथ. हे लग्न मोडतं ते वरवधूंचं गोत्र एकच असल्याचं बाहेर येतं म्हणून. म्हातारा नवरा चालला असता, गोत्र चाललं नाही. जुनी व्यवस्था काय तपासत होती, याचा यापेक्षा बोलका पुरावा मिळणार नाही.

उलट बाजूचा दाखला रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. आज थिबा पॅलेस म्हणतात तो वाडा १९१० मध्ये उभा राहिला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याची थोरली मुलगी फाया जी हिचा जीव दारावरच्या गोपाळ सावंत या माणसावर जडला. इथे ओळखीचा घोटाळा मुळीच नव्हता. ती कोण, तो कोण, त्याची नोकरी कसली, त्याला आधीच घरसंसार आहे, सगळं उघड्यावर होतं. त्यांना टू टू नावाची मुलगी झाली. पहिल्या महायुद्धानंतर राजकुटुंब ब्रह्मदेशात परतलं, पण थोरली राजकन्या लेकीला घेऊन रत्नागिरीत परत आली. १९४७ मध्ये ती इथेच गेली आणि टू टूचं उरलेलं आयुष्य इथेच, मराठी संसारात, हलाखीत सरलं. राजवाडा बघायला येणारे लोक ही गोष्ट हळहळत ऐकतात. मला तिच्यातून एवढंच दिसतं की ओळख सोळा आणे पटलेली असली तरी नातं तरतंच असं नाही. आपली फसगत झाली ती माहिती कमी होती म्हणून, असं वाटणं सोयीचं असतं. पुष्कळदा माहिती पुरेशी असते आणि कमी पडतं ते दुसरंच काहीतरी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. असं बोलणं म्हणजे फसवणुकीला मखरात बसवणं नव्हे काय? विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनियर भेटतो, महिना-दोन महिने गोड बोलतो, मग भेटवस्तूंचं पार्सल पाठवल्याचं सांगतो. पाठोपाठ कस्टममधून बोलतोय म्हणून फोन येतो, पार्सल सोडवायला अमुक रक्कम भरा. रक्कम भरली की दुसरा दंड निघतो, मग तिसरा, आणि एक दिवस प्रोफाइलच नाहीसं होतं. यात प्रेमाचा संबंध नाही, हा धंदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डीनुसार संगणकाच्या साधनांनी तोतयेगिरी करून फसवणं हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि पैसे गेल्याचं कळताक्षणी लाज बाजूला ठेवून १९३० या क्रमांकावर फोन करायचा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्येही ओळख लपवून केलेल्या लग्नाचा उल्लेख आहे. मग भामिनी आणि हा कस्टमवाला यांत फरक काय? दोघांनीही वेष घेतला. फरक असा की भामिनीच्या बेतात वेष उतरवण्याचा अंक लिहिलेला आहे. भामट्याच्या बेतात तो नाही, कारण पितळ उघडं पडलं की त्याचं काम संपतं. म्हणून भेट सतत पुढे ढकलणारा, व्हिडिओ कॉलला दर वेळी नवं निमित्त काढणारा आणि भेटीआधी पैशांचा विषय काढणारा माणूस ओळखायला पोलिसी डोकं लागत नाही. त्याला वेष उतरवण्याच्या अंकाकडे जायचंच नसतं.

यावर सज्जन माणसं विचारतात, मग वेष हवाच कशाला? पहिल्या दिवशीच सगळं खरं सांगावं. ऐकायला हे चोख आहे, पण हे सांगणाऱ्याला बहुधा खरं सांगितल्याची किंमत कधी मोजावी लागलेली नसते. रत्नागिरीसारख्या गावात, जिथे मारुती मंदिराच्या नाक्यावर दोन माणसं एकत्र दिसली तर ती बातमी रिक्षाच्या आधी घरी पोचते, तिथे एखादी मुलगी डीपीला स्वतःच्या चेहऱ्याऐवजी भाट्याच्या समुद्राचा फोटो लावते, नावाची दोनच अक्षरं देते, आडनाव देतच नाही. आडनावाबरोबर जात कळते आणि जातीबरोबर संभाषण संपतं, हा अनुभव असलेला मुलगाही तेच करतो. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. तो निकाल प्रत्येक घराच्या ओटीपर्यंत पोचला आहे, असं कोण म्हणेल? अशा माणसांसाठी टोपणनाव ही लबाडी नसते, दाराची कडी असते. झाकून ठेवणं आणि खोटं सांगणं यांत रेघ ओढता येते. समुद्राचा फोटो ‘मी कोण ते अजून सांगणार नाही’ एवढंच सांगतो. दुसऱ्याच कुणाचा देखणा चेहरा लावणारा मात्र ‘हा मी’ असं सांगत असतो. पहिल्याला वेळ द्यावा. दुसऱ्याने तो चेहरा किती दिवसांत स्वतःहून उतरवला, हे बघावं.

तिसरा आक्षेप काळाबरोबर धारदार झाला आहे. चेहरा खोटा असला तरी बोलणं खरं, या आधारावर मी वनमालेला वाचवलं. पण आता बोलणंही उसनं मिळतं. प्रश्न टाकला की हृदय पिळवटणारा निरोप तयार करून देणारी यंत्रं खिशात आहेत. यातही अगदी अपूर्व काही नाही. गिरणीत राबणारा कोकणी नवरा मनीऑर्डरीसोबत जे पत्र पाठवायचा ते पुष्कळदा दुसऱ्याने लिहिलेलं असायचं, बहुधा वडिलांच्या नावे असायचं, आणि घरात ते शाळकरी मुलगा किंवा पोस्टमन मोठ्याने वाचायचा. बायकोच्या वाट्याला त्यातली एखादी ओळ यायची, तीही सासूसासऱ्यांच्या देखत. शब्द तिसऱ्याचे, आवाज चौथ्याचा. तरी ती ओळ कुणाची हे तिला कळत होतं, कारण शिमग्याला तो माणूस प्रत्यक्ष दारात उभा राहायचा. उसन्या शब्दांची शहानिशा त्या भेटीत व्हायची. आजही तीच करावी लागेल, आणि लवकर करावी लागेल. चार महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत केलेल्या गप्पांपेक्षा एस.टी.च्या धक्क्यावर उशिरा आलेल्या गाडीची एकत्र पाहिलेली वाट माणसाबद्दल जास्त सांगते. तिथे तो कंडक्टरशी कसा बोलतो, भूक लागल्यावर कसा वागतो, हे कुठल्याही यंत्राकडून लिहून घेता येत नाही.

या सगळ्या वादावर कायद्याने केव्हाच एक शहाणी तोड काढून ठेवली आहे, आणि ती प्रेमिकांनीही वाचावी अशी आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ प्रमाणे जोडीदाराविषयीची महत्त्वाची बाब लपवून, कपटाने संमती मिळवली असेल तर ते लग्न रद्द करून मागता येतं. मात्र कपट कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही आपल्या राजीखुशीने त्या जोडीदाराबरोबर संसार केला असेल तर ती तक्रार उरत नाही. म्हणजे कायदा दोन होकार मानतो. पहिला तसबिरीला दिलेला, जो फिरवता येतो. दुसरा खरं कळल्यावर राहून दिलेला, आणि तो पहिल्यावर मात करतो. अर्थात ‘राजीखुशीने’ या शब्दाला पूर्ण वजन दिलं पाहिजे. हॉल ठरला, पत्रिका छापल्या, गावात बोभाटा झाला, आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील, या धाकाने दिलेला दुसरा होकार हा होकारच नव्हे. म्हणूनच ज्याने काही लपवलं आहे त्याच्यावर जबाबदारी येते. समोरच्याला माघार स्वस्तात घेता येईल अशा वेळी, आपल्याच तोंडाने सांगायचं. कुणा मैत्रिणीकडून कळलं, जुन्या फोटोवरून पकडलं गेलं, मग रडून कबुली दिली, यात सांगण्याचं श्रेय नसतं.

आणि एवढं सगळं नीट करूनही उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं. खाडिलकर आणि देवल यांना शेवटच्या प्रवेशात जोड्या जुळवायच्या होत्या, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला नाराज पाठवून चालणार नव्हतं. खऱ्या दोन माणसांवर असली सक्ती नाही. वेष उतरल्यावर समोरचा शांतपणे उठून गेला, तर प्रेम हरलं असं मानायचं कारण नाही. त्याला खरं कळलं आणि त्याने खरं उत्तर दिलं, एवढाच त्याचा अर्थ. पण तो थांबला, तर पहिल्या दिवशी फोटो कुणाचा होता, यावरून पुढे आयुष्यभर त्या दोघांना हिणवण्याचा अधिकार नातेवाइकांना उरत नाही. आई-वडिलांनी पसंत केलेल्या आणि मांडवात अंतरपाट दूर झाल्यावर पहिल्यांदा एकमेकांना धड पाहिलेल्या किती जोडप्यांची नातवंडं आज हा न्याय करायला बसली आहेत, ते त्यांनी जरा मोजावं.