बेत कुणी आखायचा?

ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधल्या आठवडाभराच्या ट्रेकचा बेत पुण्या-मुंबईत आखताना खर्चाची कात्री सर्वांत आधी स्थानिक माणसांवर चालते. वाटाड्या नावापुरता एक, पोर्टर नकोतच, आणि त्यांना विचारायचे तेही परतीची तिकिटे काढून झाल्यावर. ही पद्धत मला मनापासून खटकते. हरिश्चंद्रगड केलेला, मोबाइलवर नकाशा असलेला माणूस म्हणतो, वाट काय, सापडेलच. पण हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनई आहे, वर टाक्यांत पाणी आहे. वाट चुकली तरी वाडी फार लांब नसते. पार्कच्या वाटेवर, कुल्लूच्या तीर्थन खोऱ्यात, गुशैणीहून रोल्ला गाठले की पुढे नदीच्या उगमापर्यंत, तीर्थपर्यंत, वस्ती नाही. जुलै २०२३ च्या पुरांनी या जिल्ह्यातले रस्ते आणि पूल वाहून नेले. नकाशावरची रेघ मात्र तशीच राहते. कोणता नाला दुपारनंतर ओलांडू नये, कोणत्या थाचवर, म्हणजे डोंगरी कुरणावर, अजून बर्फ आहे, हे खोऱ्यातल्याच माणसाला ठाऊक असते. म्हणून मुक्काम किती आणि कुठे, हे त्याला विचारूनच ठरावे.

सुरक्षितता हे अर्धेच कारण. १९९९ साली सुमारे ७५४ चौरस किलोमीटरचे हे उद्यान अधिसूचित झाले आणि तिथे मेंढ्या चारण्याचे, जडीबुटी व गुच्छी अळंबी गोळा करण्याचे गावकऱ्यांचे हक्क संपले. भरपाईसाठी आधार धरला तो इंग्रजी अमदानीतल्या जंगल बंदोबस्ताच्या नोंदींचा. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर ज्यांच्या पूर्वजांचे नाव नव्हते, त्यांचे पोट त्याच जंगलावर असूनही ते हिशेबात आले नाहीत. जुजुराणासारख्या दुर्मीळ पक्ष्याला हे जंगल हवे, म्हणून उद्यान होऊच नये असे मी म्हणणार नाही. पण ज्या कुरणावर मेंढपाळाला बंदी, तिथे आपला तंबू लागतो, हे मला पटवून घेता येत नाही.

सरकारच्या अन्यायाची भरपाई मी सुट्टीच्या पैशातून का करू, असे कुणी विचारेल. करू नयेच. पोर्टरची मजुरी म्हणजे भरपाई किंवा दानधर्म नव्हे. ते अवघड कामाचे दाम आहेत, त्यात घासाघीस शोभत नाही. ज्यांना सोबत माणसे नकोत, पाठीवर स्वतःचे ओझे घेऊन एकांत हवा, त्यांची ओढ मला समजते. त्यांनी छोटा बेत करावा, रोल्लापर्यंत जाऊन परतावे. उगमापर्यंत जायचेच असेल, तर दोन दिवस हातचे राखावेत आणि रेल्वेचे आरक्षण करण्याआधी गुशैणीला फोन करावा.