समुद्रातला बांध आणि उसवणारी लाट

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिस्बेन हे मोठे शहर आहे. तिथून मोटारीने दक्षिणेकडे निघाले की तासाभरात गोल्ड कोस्ट येते. वाटेत उसाचे फड लागतात. ते पाहून क्षणभर आपल्या मुलखात आल्यासारखे वाटले, पण फडात माणूस औषधालाही नव्हता. तिकडे तोडणी सगळी यंत्राने होते. ऊस मागे पडला की उंच इमारतींची रांग सुरू होते आणि तिच्या पायथ्याशी पन्नास किलोमीटरहून लांब अशी पांढरी पुळण. माझा पुतण्या ब्रिस्बेनला नोकरीला आहे. तो म्हणाला, "काका, या गावाचे पीक एकच, वाळू."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. या किनाऱ्यावर येणारे लोक दोन गोष्टींसाठी येतात, वाळूसाठी आणि लाटांसाठी. इथल्या एका वस्तीचे नावच 'सर्फर्स पॅरडाइज' आहे, म्हणजे सर्फिंग करणाऱ्यांचा स्वर्ग. सर्फिंग म्हणजे लांबट फळीवर उभे राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत जाणे. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, त्यात हा खेळ प्रथम आला. आपल्या देशातही कर्नाटकातल्या मुळकीला त्याच्या स्पर्धा होतात. तेव्हा हे फक्त गोऱ्यांचे वेड आहे असे समजू नये.

आता या खेळाला कसली लाट लागते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा तंटा त्यावरच आहे. खोल समुद्रात लाट नुसती वरखाली होत पुढे सरकते. किनारा जवळ आला की तिचे पाय तळाला लागतात, ती मंदावते आणि उंच होऊ लागते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट एवढेच पाणी खाली उरले की ती पुढे कलंडून फुटते. म्हणजे लाट कुठे आणि कशी फुटणार हे पाण्याखालची जमीन ठरवते. तळ किनाऱ्याला समांतर आणि सपाट असेल तर जुनी भिंत ढासळावी तशी सगळी लाट एकदम कोसळते. त्या लाटेवर फळीवाल्याला जायला वाटच राहत नाही. तळ तिरपा असेल तर लाट एका टोकाला आधी फुटते आणि शिवण उसवत जावी तशी दुसऱ्या टोकाकडे फुटत जाते. त्या उसवणाऱ्या टोकाच्या जरा पुढे राहून सर्फर घसरत जातो. उसवण फार वेगाने झाली तर तो मागे सापडतो, फार सावकाश झाली तर मजा नाही. सगळे कसब त्या तिरपेपणात आहे.

मग असा तिरपा तळ माणसाने मुद्दाम बांधला तर? हा प्रश्न गोल्ड कोस्टवाल्यांना पडला त्याला कारण वाळू झाले. १९६७ साली इथे एकामागून एक वादळे आली आणि पुळणच्या पुळण समुद्रात गेली. नॅरोनेक नावाच्या जागी तर समुद्र आणि मागची नेरँग नदी यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावरून मुख्य रस्ता जातो. तिथली वाळू गेली तर समुद्र नदीला भेटायला किती वेळ! म्हणून १९९९ ते २००० या काळात मागच्या खाडीतली जवळजवळ १२ लाख घनमीटर वाळू उपसून इथल्या किनाऱ्यावर आणून टाकली. आपल्या मापात सांगायचे तर सव्वाचार लाख ब्रासच्या आसपास. आणि ही वाळू पुन्हा वाहून जाऊ नये म्हणून समोर समुद्रात पाण्याखाली एक बांध घातला.

बांध दगडाचा नव्हता. कृत्रिम धाग्याच्या जाड कापडाच्या सुमारे ४०० अवाढव्य पिशव्या, एकेक वीस मीटर लांब, दीडशे ते तीनशे टन वजनाची. पोट उघडणाऱ्या जहाजात पिशवी अंथरायची, तिच्यात वाळू भरायची, तोंड शिवायचे आणि ठरल्या जागी जहाजाचे पोट उघडायचे. पिशवी तळाशी जाऊन बसे. नाला बांधताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून आपण वनराई बंधारा घालतो, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणा ना! मांडणी मात्र विचारपूर्वक केलेली. किनाऱ्याच्या रोखाने निघालेले दोन तिरपे हात ठेवले होते, एकावर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे लाट उसवत जावी म्हणून. वाळू राखणे आणि सर्फिंगची लाट तयार करणे अशी दोन कामे एकाच बांधाकडून अपेक्षिली होती.

पहिले काम त्याने बऱ्यापैकी केले. बांधाच्या आडोशाला वाळू धरून राहिली. दुसऱ्या कामाचे तसे म्हणता येत नाही. मोठ्या लाटा बांधावर फुटतात हे खरे, पण ज्या लाटेसाठी लोकांनी वाट पाहिली ती रोजची, हुकमी लाट काही मिळाली नाही. पिशव्या थोड्या खचल्या, काही फाटल्या, पुढे नव्या घालाव्या लागल्या. २०१७-१८ मध्ये पुन्हा मोठी डागडुजी झाली. गंमत अशी की ज्यांच्यासाठी कोणी काही योजले नव्हते त्यांचे भले झाले. पिशव्यांवर समुद्री शेवाळ वाढले, मासे आले, कासवे आली आणि पाणबुडे त्यांना पाहायला येऊ लागले.

नॅरोनेकला वाळू तरी राहिली. निव्वळ लाटेसाठीच बांध घातला तर काय होते याचा अनुभव अमेरिकेने त्याच सुमारास घेतला. कॅलिफोर्नियात एल सेगुंडो इथे शेव्हरॉन तेल कंपनीने १९८४ मध्ये आपली नळवाहिनी राखण्यासाठी समुद्रात दगडी धक्का घातला. त्याने वाळूची ठेवण बदलली आणि तिथली सर्फिंगची लाट खराब झाली. सरकारच्या किनारा आयोगाने ते नुकसान मान्य केले. धरणात जमीन गेली तर भरपाई मागतात हे आपण जाणतो, इथे लाट गेल्याची भरपाई मिळाली! कंपनीने ३ लाख डॉलर दिले. त्या पैशातून सर्फरांच्या संघटनेने २००० आणि २००१ मध्ये चौदा-चौदा टनांच्या सुमारे २०० पिशव्या समुद्रात टाकल्या. नॅरोनेकच्या पिशवीपुढे ही पिशवी म्हणजे हत्तीपुढे शेळी. बांध फारच लहान पडला, पिशव्या वाळूत रुतल्या, फाटल्या, आणि लाट काही आली नाही. शेवटी काही वर्षांनी त्या उचलून न्याव्या लागल्या. इंग्लंडमध्ये बोर्नमथजवळच्या बॉस्कमला २००९ मध्ये सुमारे ३० लाख पौंड खर्चून असाच प्रयत्न झाला. दीड वर्षाच्या आत तो बांध सर्फरांना बंद करावा लागला.

पैशाचा हिशेब सोडून द्या, पण एक गोष्ट मला राहून राहून जाणवली. या सर्व ठिकाणी बांधणाऱ्यांनी बांधाचा विचार केला. सर्फरांनाही बांधच दिसत होता. लाटेला मात्र बांधाइतकीच त्याच्या आजूबाजूची वाळू लागते, आणि वाळू एका जागी बसत नाही.

हे पाहायचे तर गोल्ड कोस्टच्या दक्षिण टोकाला किरा नावाच्या जागी गेले पाहिजे. या किनाऱ्यावर वाळूची एक अदृश्य नदीच वाहते, दक्षिणेकडून उत्तरेकडे. वर्षाला साधारण ५ लाख घनमीटर, म्हणजे पावणेदोन लाख ब्रास वाळू तिच्यातून जाते. १९६०नंतरच्या दशकात ट्वीड नदीच्या मुखाशी, बोटींना वाट मोकळी राहावी म्हणून, दोन दगडी भिंती समुद्रात लांबवल्या. वरच्या अंगाला वाळू अडली आणि खालच्या अंगाच्या पुळणी उपाशी पडल्या. किराला १९७२ मध्ये धक्का बांधून वाळू धरावी लागली. त्या धक्क्यापाशी अशी काही लाट फुटू लागली की जगभरचे सर्फर तिचे नाव घेऊ लागले. माणसाने बांधलेल्या दगडांनी दिलेली लाट होती ती, पण कोणी ती मागितली नव्हती.

भिंतींनी अडवलेली वाळू खालच्यांना मिळाली पाहिजे असा वाद दोन राज्यांत झाला. पाण्याचा तंटा आपल्याला ठाऊक आहे, इथे वाळूचा! तडजोड झाली आणि २००१ पासून पंपांनी नदीच्या दक्षिणेची वाळू उचलून उत्तरेला सोडायला सुरुवात झाली. आधीची थकबाकी फेडायची म्हणून सुरुवातीला वाळू जास्त सोडली. पुळण इतकी रुंद झाली की किराचा नैसर्गिक खडक वाळूखाली गाडला गेला आणि ती नावाजलेली लाट गेली. त्याच वाळूने थोडे वर, स्नॅपर रॉक्सपासून, एक लांबलचक नवा दांडा तयार केला. त्यावर दिवस चांगला असेल तर सर्फर दीड-दोन किलोमीटर जाऊ शकतो. लोक त्याला 'सुपरबँक' म्हणतात. एकाची लाट गेली, दुसऱ्याला मिळाली. किराकरांनी मात्र आपली लाट परत मागितली. २०१३ मध्ये तिथला धक्का ३० मीटरने पुन्हा वाढवला आणि वाळूचे प्रमाणही बेताचे झाले, तेव्हा थोडी फार लाट परतली.

शेती करणाऱ्याला हे नवीन वाटायला नको. वरच्या शेतकऱ्याने नाल्यावर बांध घातला की खालच्याच्या विहिरीला पाणी चढते की उतरते, हे पाहायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. समुद्रातल्या बांधाला याहून जास्त वर्षे लागतात एवढाच फरक.

आता सांगतो पाम बीचचे, जिथे आम्ही शेवटी गेलो. तिथे २०१९ मध्ये गोल्ड कोस्टच्या नगरपालिकेने नवा बांध घातला. या खेपेला पिशव्या नाहीत, सुमारे ६० हजार टन मोठमोठे दगड. किनाऱ्यापासून २७० मीटर आत, १६० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद. त्याचा माथा ओहोटीतही पाण्याच्या दीडेक मीटर खाली राहतो. खर्च १ कोटी ८२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि बांधण्यापूर्वी विरोध केला तो चक्क तिथल्या सर्फरांनी! आहे ती लाट बरी आहे, तिला हात लावू नका, असे त्यांचे म्हणणे. किरा डोळ्यांसमोर असताना त्यांना दोष कसा द्यावा? बांधाच्या डोक्यावर आता लाट फुटते. काहींना ती आवडते, काही म्हणतात ती आखूड आहे आणि गर्दी फार. मला पुळणीवरून इतकेच दिसले की समुद्रात एका जागी पाणी पांढरे होते आणि तिथे पंधरा-वीस काळे ठिपके फळ्यांवर बसून लाटेची वाट पाहत होते. जेवणाची वेळ टळून गेली तरी त्यांतला एकही बाहेर आला नाही.

आपल्याकडे केरळातल्या कोवळमला २०१० मध्ये वाळूच्या पिशव्यांचा असाच बांध समुद्रात घातला होता. मासे वाढावेत म्हणून सरकार किनाऱ्यालगत सिमेंटचे कृत्रिम खडक सोडते ते वेगळे. ते सुटेसुटे, खोल पाण्यात ठेवलेले असतात आणि वरची लाट त्यांची फारशी दखल घेत नाही. लाटेला धक्का लागतो तो फुटणीच्या पट्ट्यात, जिथे पाणी उथळ आहे आणि वाळू हलती आहे, तिथे काही मांडले तर.

मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड नावाचे चक्रीवादळ आले आणि गोल्ड कोस्टच्या पुळणीवरची वाळू पुन्हा प्रचंड प्रमाणात समुद्रात गेली. जिथे लोक छत्र्या लावून बसत तिथे माणसाहून उंच कडे पडले. गेलेली वाळू काही हरवत नाही. ती थोडी आत जाऊन दांडे धरते आणि शांत हवेत सावकाश परत येते. तोवर नगरपालिका उपसायंत्रे लावून तिला घाई करते. वादळानंतरच्या त्या नव्या दांड्यांवर लाट कुठे उसवते हे शोधत सर्फर मंडळी मात्र पहाटेपासून फळ्या घेऊन किनाऱ्याने फिरत असतात.