दर्या बंद असताना

मे संपत आला की मालवणच्या जेटीवरची गर्दी ओसरू लागते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होड्या बंद होतात, पाण्याखालचं जग दाखवणाऱ्यांचे तंबू निघतात, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीही थांबते. पाहुण्यांच्या लेखी हा आमच्या गावाचा रिकामा काळ. मला माझं गाव सगळ्यात जास्त भेटतं ते याच दोन महिन्यांत.

आधी आगोटीची घाई असते. सुके बांगडे, सोडे, गोलमो, कोकमाची सोलं, जाडं मीठ, मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या. ज्या घरात ही बेगमी झाली त्या घराला पावसाचं भय नाही. किनाऱ्यावर होड्या वर ओढायच्या असतात, आणि त्या कामाला हाक मारावी लागत नाही. खाली ओंडके घालायचे, एकाने आरोळी द्यायची, बाकीच्यांनी खांदा लावायचा. मग झावळ्यांखाली झाकलेल्या होड्या माडांच्या सावलीत रांगेने पडून राहतात.

आणि समुद्र बदलतो. मेपर्यंत तळ दाखवणारं पाणी तांबूस, गढूळ होतं. नद्या-ओहोळांनी सोडलेली लाल माती दूरवर पसरत जाते. रात्री गाज इतकी जवळ येते की घरात बोलणारा माणूस नकळत आवाज चढवतो. लहानपणी ती ऐकताना भीती वाटायची. आता परगावी गेले की तिच्यावाचून झोप लागत नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज सोलवटतात, कुलपं तेलाशिवाय उघडत नाहीत, पुस्तकांना बुरशी धरते. समुद्राशेजारी राहायचं तर घराची अशी सतत डागडुजी करायची. ती मला कधी ओझं वाटली नाही.

उधाणाच्या दिवशी मी किनाऱ्यावर उभी राहून किल्ल्याकडे बघते. १६६४ साली कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली. पायाचे दगड शिसं ओतून बसवले, असं आम्ही शाळेत शिकलो. त्या वाक्याचं मोल आषाढातच कळतं. लाटा तटावर आपटून त्याच्याही वर उडतात आणि तट जिथल्या तिथे. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, भर खाऱ्या पाण्यात गोड पाण्याच्या. आतल्या मोजक्या कुटुंबांचं पावसाळ्यातलं येणं-जाणं सर्वस्वी दर्याच्या मर्जीवर. आमची आगोट त्यांच्या आगोटीपुढे काहीच नाही.

इथे घड्याळापेक्षा तिथी चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. शाळेची पायरी न चढलेली म्हातारी माणसं हा हिशेब बोलता बोलता करतात.

मासेमारी बंद असते ती वादळी समुद्रामुळे आणि माशांच्या विणीमुळेही. पोटात गाभोळी असलेला मासा आज सोडला तर उद्या मिळणार, हे इथल्या पारंपरिक मच्छीमाराला वेगळं सांगावं लागत नाही. त्याची रापणच तशी. होडीने अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा द्यायचा. म्हातारा असो की शाळकरी पोर, चार बांगडे त्याच्या पिशवीत पडतातच. समुद्राच्या धनाची याहून सरळ वाटणी मी पाहिलेली नाही. म्हणूनच अख्खा थवा एका फेरीत गोळा करणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा मला राग येतो. २०१६ साली राज्याने त्यांच्यावर निर्बंध आणले, तरी किनाऱ्यावरची तक्रार मिटलेली नाही. रापण ओढून दमलेली माणसं रिकाम्या जाळ्याकडे बघतात, तेव्हा त्यांच्या शेजारी उभं राहवत नाही.

सरकारी बंदी ३१ जुलैला उठते, पण जुन्यांचा दर्या उघडतो नारळी पौर्णिमेला. २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला आली, तेव्हा फारसा फरक पडला नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला गेली. महिनाभर थांबायचं कुणी आणि कसं? काही होड्या आधीच पाण्यात गेल्या. आमच्या आळीत मासे विकणारी मावशी थांबणाऱ्यांतली, पण गेलेल्यांना तिने बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "कर्जाचो हप्तो पौर्णिमेची वाट बघणा नाय गो."

पौर्णिमेला दुपारपासूनच सगळं गाव बंदराकडे निघतं. किल्ल्याचा मानाचा नारळ समुद्राला वाहिला जातो, मग बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांचा, मग घराघरांतले. किनाऱ्यावर बायका नारळ लढवायला उभ्या राहतात. एकीने हातात घट्ट धरायचा, दुसरीने आपला त्यावर हाणायचा. जिचा फुटला ती हरली. गेल्या खेपेला मावशीने निवडून आणलेला नारळ काही केल्या फुटेना. एकामागून एक बायका हरल्या, पोरं ओरडत होती, मावशीचा पदर पाण्याने भिजला होता. जिंकलेल्या नारळांची पिशवी सावरत ती माझ्याकडे आली आणि दोन वाट्या माझ्या हातात ठेवून म्हणाली, "घे गो, उद्या सोलकढी कर. म्हावरा मी हाडतंय."