निवडक आशा

ग्रामोफोन कंपन्यांनी वेळोवेळी काढलेल्या ‘निवडक गीतां’च्या संचांकडे संगीतातील जाणकार मंडळी नेहमीच काहीशा अनादराने पाहत आली आहेत. एकदा खपलेला माल नवीन वेष्टनात घालून पुन्हा खपविण्याची ही युक्ती, असे त्यांचे म्हणणे असते, आणि ते अगदीच खोटे आहे असे म्हणवत नाही. तथापि माझे मन या संचांविषयी थोडे मऊ आहे. एखाद्या गायिकेच्या हजारो गाण्यांतून पंधरा-वीस गाणी वेचायची, तर उरलेली बाजूला ठेवावी लागतात. आणि काय बाजूला ठेवले, यावरून निवडणाऱ्याची ओळख गायिकेपेक्षाही अधिक पटते.

पलासियातील आमच्या घरी आशा भोसले यांच्या गीतांच्या अशा दोन निवडी आहेत. एक कंपनीची, दोन कॅसेटांची. १९८० नंतर बाजारात कॅसेटांचा सुकाळ झाला, तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी ती आणली. तीत सारी नृत्यगीतेच आहेत. दुसरी निवड माझ्या कैलासवासी सासऱ्यांची. त्यांनी रात्री-बेरात्री रेडिओजवळ बसून भावगीते, भक्तिगीते आणि नाट्यपदे स्वतः ध्वनिमुद्रित केली आणि आपल्या वळणदार अक्षरांत वर लिहिले, ‘आशाताई : सात्त्विक’. दिरांच्या कॅसेटांवर ‘राजस’ असे कोणी लिहिले नाही; पण दोन्ही निवडी निरनिराळ्या कपाटांत राहिल्या, आणि पाहुणे आले म्हणजे कोणती लावायची हे सांगावे लागत नसे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या समाजाच्या मंडळींनी नवरात्रात आशाबाईंच्या गीतांचा एक कार्यक्रम करावयाचे ठरविले आणि दहा गाण्यांची यादी करण्याचे काम माझ्यावर सोपविले. दोन्ही कपाटे मी एकदमच उघडली, ती त्या निमित्ताने.

कंपनीच्या संचाची मांडणी मोठी बेफिकीर आहे. कालक्रम नाही, संगीतकारांचा क्रम नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटीच्या एका बाजूला तीस मिनिटे बसतात, तेवढ्यांत सात गाणी कशी बसतील एवढाच विचार केलेला दिसतो. ‘तीसरी मंजिल’ (१९६६), ‘कारवां’ आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’ (दोन्ही १९७१), ‘डॉन’ (१९७८), मग ‘शान’ आणि ‘लूटमार’ (१९८०), आणि शेवटी ‘हथकडी’ (१९८२), जिथे बप्पी लाहिरींच्या डिस्को ठेक्याने सगळी खोली हादरू लागते. आठव्या दशकात पाश्चात्त्य देशांतून जी नृत्यसंगीताची लाट आली, ती हिंदी चित्रपटाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा आशाबाईंचे वय पन्नाशीकडे झुकले होते. वयाने निम्म्या असलेल्या गायिका या प्रांतात उतरत होत्या. त्याच सुमारास, १९८१ साली, ‘उमराव जान’ही आला. त्यातील गझलांसाठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गावयास लावले, आणि त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकीकडे लखनौची ती थांबून थांबून बोलणारी गझल, दुसरीकडे ‘हथकडी’तील डिस्को, दोन्हींमध्ये फार तर वर्षाचे अंतर. आवाज एकच.

मी ती कॅसेट लक्ष देऊन ऐकली. एरवी ही गाणी आपण ऐकत नाही. ती लग्नाच्या वरातीत, बसमध्ये, शेजारच्या खिडकीतून कानांवर पडतात. ‘कारवां’मधील हेलनच्या नृत्याचे गीत घ्या. राहुलदेव बर्मन यांनी त्यात स्वतः हाक दिली आहे आणि आशाबाईंनी धापा टाकल्या आहेत. या धापांवरच सभ्य लोकांचा मोठा राग. परंतु त्या नीट ऐकाव्यात. प्रत्येक श्वास तालात पडतो. शास्त्रीय गायक श्वास लपवितो, कारण तो दिसला की सूर तुटला असे वाटते. येथे श्वासालाच वाद्य केले आहे, आणि तो सोडून पुढचा शब्द नेमक्या सुरावर ठेवावयाचा आहे. हे कसे साधते ते मला नुसते ऐकून कळले नाही, म्हणून मी दार लावून म्हणून पाहिले. दुसऱ्याच ओळीला मी थांबले. सासऱ्यांच्या कॅसेटीतील नाट्यपदे मी चाळीस वर्षे म्हणत आले आहे.

दीनानाथरावांचे गाणे ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले ते आता फारसे राहिले नाहीत. परंतु त्यांच्या जुन्या तबकड्यांतूनही तो आक्रमक, लयीशी झोंबणारा स्वभाव लक्षांत येतो; एका झेपेत वर जाणारी तान, आणि अनपेक्षित ठिकाणी समेवर येणे. १९४२ साली ते गेले तेव्हा आशाबाई आठ वर्षांच्या होत्या. आठ वर्षांत घरात जे कानांवर पडले असेल ते पडले. माझे आपले असे मत आहे, आणि संगीतज्ञांनी त्याला हसावे, की दीनानाथरावांची ती झेप भावगीतांपेक्षा या नृत्यगीतांतच अधिक उतरली आहे.

यादी केली. सहा गाणी सासऱ्यांच्या कॅसेटीतली, एक ‘उमराव जान’मधले, तीन दिरांच्या कॅसेटांतली. मंडळाच्या बैठकीत ती तीन नावे वाचली तेव्हा पहिल्यांदा कोणी काही बोलले नाही. मग एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, हळूच म्हणाले, “वहिनी, एवढी तीन तेवढी काढा. देवीचा उत्सव आहे. समोर घट बसलेला असणार.”

त्यांच्या म्हणण्यात दुष्टावा नव्हता. हा विचार आपल्यांत जुना आहे, आणि मोठमोठ्यांनी तो केलेला आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. देशाने शास्त्रीय संगीत ऐकावे, ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती. देशाने रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. माझे सासरे त्या काळचे. केसकरांचा पक्ष घेऊन ते भांडत, आणि रात्री सिलोनही ऐकत.

बैठकीत मी जे बोलू शकले नाही ते येथे लिहिते, कारण या नियतकालिकाचे वाचक देवस्थानांशी बांधलेले आहेत आणि त्यांना ते अधिक जवळचे वाटेल.

आम्हां माळव्यातील लोकांना श्रीमंगेश दूरचा वाटत नाही. १५६० साली कुशस्थळीहून लिंग नदीपार प्रियोळला आले. पुढे १७३९ मध्ये पेशव्यांकडून मंगेशी गाव देवस्थानाला मिळवून दिला तो रामचंद्र मल्हार सुखटणकर यांनी. आणि हेच रामचंद्रबाबा शेणवी शिंद्यांचे दिवाण म्हणून उज्जयिनीत असता तेथील महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले गेले. महाकालाला गेले की मला नेहमी मंगेशाची आठवण होते ती यामुळे. इंदूरकरांचा अभिमान त्याहून निराळा. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी आमच्या शीख मोहल्ल्यातला, हे येथे कोणीही सांगेल. मध्य प्रदेश शासनाने १९८४ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कारही दिला. आशाबाई जन्मल्या सांगलीकडे, १९३३ मध्ये. त्यामुळे इंदूरच्या आरत्यांत त्यांचे नाव दुसरे येते.

पण मंगेशकर हे आडनाव आले कोठून? दीनानाथांचे वडील गणेशभट हे श्रीमंगेशाचे पुजारी, अभिषेक करणारे. याच अभिषेकावरून त्या घराण्यातील दुसऱ्या शाखेला अभिषेकी हे नाव मिळाले, आणि त्यात पुढे पंडित जितेंद्र अभिषेकी झाले. दीनानाथांच्या आई येसूबाई. त्या कलावंत घराण्यातल्या, देवापुढे गाणाऱ्या. त्या दोघांचा संबंध शास्त्राने विवाह म्हणून मानलेला नव्हता, आणि दीनानाथांनी पित्याचे आडनाव लावले नाही. देवाच्या गावाचे लावले. आपण मंगेशकर हे नाव मोठ्या आदराने उच्चारतो, त्यांत मंत्र म्हणणारा बाप आहे तशी सभामंडपात गाणारी आईही आहे.

मला त्या प्रथेचे गोडवे गावयाचे नाहीत. गाणे-नाचणे देवाची सेवा म्हणायचे आणि ती सेवा करणाऱ्या स्त्रीला समाजात मान द्यायचा नाही, हा अन्याय आपल्याच देवळांच्या सावलीत शतकानुशतके चालला. त्याविरुद्ध उभे राहिले ते त्याच समाजातील लोक. राजाराम पैंगीणकरांनी ‘मी कोण?’ या आत्मकथनात ते सर्व निर्भीडपणे लिहून ठेवले आहे, आणि ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. प्रथा गेली हे फार चांगले झाले. परंतु ती गेल्यावर आपण जी वाटणी केली ती मला पटत नाही. गाणे आपण घरात घेतले, त्याला तानपुरा दिला, शाल-श्रीफळ दिले. नाच मात्र दाराबाहेर ठेवला. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो, आणि ज्या घराण्यांतून त्या आल्या तेथे गाणे आणि नाचणे एकाच सेवेची दोन अंगे होती, हे सोयीस्करपणे विसरतो.

आमच्या घरात एक आतेसासूबाई होत्या, लहानपण फोंड्याकडे गेलेल्या. दिरांच्या कॅसेटी लागल्या की सासरे खोलीतून उठून जात. त्या मात्र भाजी निवडता निवडता पायाने ठेका धरीत. सासऱ्यांनी एकदा रागाने पाहिले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “देवाक गायनूय जाय, नाचूय जाय.” आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

केसरबाईंवरून आणखी एक निवड आठवली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेच्या बाहेर जाण्यासाठी सोडली आणि प्रत्येकावर एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. साऱ्या पृथ्वीच्या संगीतातून सत्तावीस तुकडे, मिळून सुमारे दीड तास. याहून मोठा ‘निवडक गीतां’चा संच कोणत्या कंपनीने काढला आहे? त्यांत हिंदुस्थानची एकच ध्वनिमुद्रिका: फोंडे महालातील केरी गावच्या केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. पहिले यान २० ऑगस्टला उडाले, दुसरे ५ सप्टेंबरला; केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या. त्याच तबकडीवर बाख आहे, बीथोव्हेन आहे, आणि चक बेरी या अमेरिकन गायकाचे १९५८ सालचे धांगडधिंग्याचे नाचगाणेही आहे. या शेवटच्या गाण्याला निवडसमितीतच विरोध झाला होता. ते पोरकट आहे, असा आक्षेप लोकसंगीताच्या एका थोर अभ्यासकाने घेतला. समितीचे प्रमुख कार्ल सेगन यांनी उत्तर दिले की पृथ्वीवर पोरवयाची माणसेही पुष्कळ आहेत. गाणे राहिले. आता आपल्या केरीच्या केसरबाई आणि तो चक बेरी सूर्यापासून अब्जावधी कोस दूर एकाच तबकडीवर शेजारी आहेत.

आशाबाईंनी स्वतः कधी अशी वाटणी केली नाही, हेही नमूद करावयास हवे. ‘कारवां’, ‘हरे रामा हरे कृष्णा’ आणि ‘डॉन’ या तिन्हींतील नृत्यगीतांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले होते. ‘डॉन’च्या त्याच गीताचे सूर २००५ साली ब्लॅक आयड पीज या अमेरिकन मंडळींनी आपल्या गाण्यात घेतले. आणि त्याच वर्षी, सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंनी क्रोनोस क्वार्टेट या पाश्चात्त्य तंतुवाद्यवृंदाबरोबर राहुलदेवांची गाणी नव्याने गाऊन दिली. तेव्हा त्या केवळ संथ, शालीन गीतांवर थांबू शकल्या असत्या; वय झाले, असे म्हणून कोणीही समजून घेतले असते. त्यांनी ‘कारवां’चे ते गाणेही घेतले, आणि ‘दम मारो दम’ही.

मंडळाशी माझे जे बोलणे झाले ते दोन फेऱ्यांत झाले. पहिल्या फेरीत मी केसरबाईंची गोष्ट सांगितली. ती सर्वांना आवडली, आणि निर्णय बदलला नाही. दुसऱ्या फेरीत मी येसूबाईंचे नाव घेतले. तेव्हा बैठकीत पुष्कळ वेळ शांतता होती. ते वडीलधारे गृहस्थ चष्मा काढून पुसत राहिले. “‘दम मारो’ नको,” ते शेवटी म्हणाले, “देवाच्या नावापुढे चिलीम मला सोसायची नाही.” त्यात मला तथ्य वाटले, ते गाणे मी आपण होऊन काढले. ‘डॉन’चे वेळेअभावी गेले. ‘कारवां’चे राहिले. निवेदनात ते कोणाचे नातू-पणतू, कोणत्या सभामंडपातले गाणे, हे येसूबाईंच्या नावासह सांगायचे, अशी अट मी घातली आणि ती मान्य झाली.

गाणार आहे आमच्याच गल्लीतली एक मुलगी. शास्त्रीय संगीताच्या चार परीक्षा झालेली, आवाजाने स्वच्छ. अभंग तिने दोन दिवसांत बसविला. या गाण्यासाठी ती गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी येते आहे. “काकू,” ती म्हणते, “यात श्वास घ्यायचा कुठे आणि सोडायचा कुठे, तेच कळत नाही.” मग आम्ही कॅसेट मागे घेतो आणि तेवढीच ओळ पुन्हा लावतो.