दुकान वेगळं, तू वेगळी

सदाशिव पेठ, पुणे 30

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "मामा, साड्या भराभर खपतायत, पण पैसा कुठे जातो तेच कळत नाही." याचं उत्तर पासबुकात सापडायचं नाही. पासबुक पैसा आला-गेला एवढंच सांगतं. तो का आला, कोणापायी गेला, हे कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, सांगते. रविवार पेठेतल्या कापडवाल्यांच्या वह्या लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधी पक्की धर. दुकान वेगळं, तू वेगळी. तू बचतीतले 50,000 रुपये दुकानाच्या खात्यात भरलेस, त्या दिवसापासून दुकान तुझे 50,000 रुपये देणं लागतं. म्हणून पहिली नोंद अशी: बँक खाते नावे, भांडवल खाते जमा. अकरावीत घोकलेले नियम आठव. घेणारा नावे, देणारा जमा. येईल ती वस्तू नावे, जाईल ती जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. हे सगळे नियम दुकानाच्या जागी उभं राहून वाचायचे. तुझ्या जागेवरून वाचलेस की नावे-जमा उलटंपालटं होणारच.

आता तुझाच माल घेऊ. तू 20 साड्या उधारीवर आणल्यास. बिल 20,000 रुपयांचं, वर पाच टक्के जीएसटी, एकूण 21,000. तुझी जीएसटी नोंदणी नाही, तेव्हा भरलेला कर तुला वळता करून घेता येत नाही. तो खरेदीतच धरायचा. खरेदी खाते नावे 21,000, व्यापाऱ्याचे खाते जमा 21,000. म्हणजे एक साडी 1,050 रुपयांना पडली. पुढे लवकर पैसे दिल्याबद्दल व्यापाऱ्याने 500 रुपये सोडले आणि तू 20,500 चा चेक दिलास, तर व्यापारी नावे 21,000, बँक जमा 20,500, सूट जमा 500. साड्या ठेवायला घेतलेलं कपाट मात्र खरेदीत घालू नकोस. खरेदी म्हणजे विकायला आणलेला माल. कपाट फर्निचर खात्यावर.

खरी गंमत पुढे आहे. 1,600 रुपये किंमत लावलेली एकेक साडी चार वाटांनी बाहेर पडते. पहिली रोखीने विकलीस: रोकड नावे 1,600, विक्री जमा 1,600. दुसरी मैत्रीण घेऊन गेली, "पुढच्या महिन्यात देते" म्हणाली. पैसा आलेला नाही, पण विक्री आजच झाली: मैत्रिणीचे खाते नावे, विक्री जमा. ही नोंद राहिली तर पुढच्या महिन्यात ती विसरेल आणि तूही विसरशील. तिसरी प्रदर्शनातल्या सोडतीत बक्षीस दिलीस: जाहिरात नावे 1,050, खरेदी जमा 1,050. चौथी आत्याला वाढदिवसाला दिलीस. ही दुकानाची जाहिरात नाही की विक्री नाही. ही उचल, म्हणजे मालकिणीने स्वतःसाठी दुकानातून काढलेलं. उचल खाते नावे 1,050, खरेदी जमा 1,050. इथे 1,600 का नाहीत? आपल्याच घरात साडी देऊन कोणाला नफा होत नाही. आणि वैशालीत मैत्रिणींबरोबर खाल्लेला डोसा दुकानाच्या खात्यातून यूपीआयने भागवलास, तीही उचलच. तुझा "पैसा कुठे जातो" बहुतेक याच खात्यात बसलाय.

हा वेगळेपणा आपल्याकडे नवा नाही. 1734 मध्ये बाजीराव पेशव्यांच्या काळात मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर झाली. तिचं उत्पन्न एकीकडे, दौलतीचं दुसरीकडे. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं आणि धर्मशाळा बांधल्या, त्या या खासगीच्या उत्पन्नातून. जिच्या हातात राज्य होतं तिने खासगी आणि दौलत वेगळी ठेवली. आपल्याला एक कपाटभर साड्यांचं दुकान वेगळं ठेवायला काय हरकत आहे?

आणखी एक. नोंदीखाली स्पष्टीकरण लिहायचा कंटाळा करू नकोस. "अमुक तारखेच्या बिलाप्रमाणे 20 साड्या उधारीवर घेतल्याबद्दल" एवढी ओळ पुरते. कौन्सिल हॉलजवळच्या पेशवे दप्तरात मोडीतल्या रोजकीर्दी आहेत. कारकुनांनी त्या इतिहासासाठी लिहिल्या नव्हत्या. त्यांना वरिष्ठांना हिशेब द्यायचा होता. तरीही कोणत्या जिनसेला आणि कोणत्या कामाला किती पैसे पडले, हे त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून तेव्हाच्या पुण्यातले भाव आणि मजुरी अभ्यासकांना आज मांडता येतात. नुसता आकडा असता तर कोणाला काय कळलं असतं? तुझी वही इतकी टिकायची गरज नाही. मार्चअखेरीला तुला स्वतःला कळली तरी खूप झालं.

टॅली शिकते आहेस ते चांगलंच. ती बेरीज चुकणार नाही, खतावणी आपोआप करेल, क्षणात तेरीज, म्हणजे नावे-जमेचा ताळा, काढून देईल. पण आत्याची साडी तू विक्रीत टाकलीस, तरी तिची तेरीज जुळेलच. साडी कोणासाठी गेली हे तिला कोण सांगणार? ते काम तुझं.

म्हणून रोजचे व्यवहार त्याच रात्री लिही, पावत्या तारखेप्रमाणे लाव, आणि महिनाअखेरीला उचल खात्याची बेरीज सगळ्यात आधी बघ. ती जास्त दिसली तर घाबरू नकोस. पुढच्या महिन्यापासून घरखर्चासाठी ठरावीक रक्कम एकदाच काढ आणि तेवढ्यातच भागव. आत्याला साडी जरूर दे. फक्त ती दुकानाने दिली नाही, तू दिलीस, हे वहीत दिसू दे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा